वारसांच्या टेबलावरच्या कुंदाताई

कुंदाताई कधीही विमानात बसल्या नव्हत्या. काशीगावाच्या बाजूला हायवेला लागून असलेल्या इमारतीत आमचं ऑफिस होतं आणि तिथे दिवसभर विमानांचंच बोलणं चालायचं. एका विमान कंपनीच्या माइल्सचं कॉल सेंटर. माणूस जितका उडतो तितके माइल्स त्याच्या खात्यात जमा होतात आणि पुरेसे साठले की त्यांच्यावर तिकीट निघतं, स्वतःचं नाहीतर घरच्यांचं. माझे माइल्स का आले नाहीत, सुट्टीत गोव्याच्या चार सीट एकत्र का मिळत नाहीत, सासूबाईंचं नाव फॅमिली खात्यात कसं घालू, असले फोन आम्ही पंचविशीतली मुलं-मुली घ्यायचो. कुंदाताई आमच्यात एकट्याच चाळिशी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे वारसांचं टेबल होतं.

खातेदार वारला की घरचे कागदपत्रं पाठवतात. ती तपासायची, माइल्स वारसाच्या खात्यात वळवायचे आणि गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं, एवढं ते काम. पण ते टेबल कुणाला नको असायचं. मी नवी होते म्हणून मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली.

त्या भाईंदर पश्चिमेच्या मोरव्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. सडपातळ, ताठ बसणाऱ्या. अंबाड्यात रोज अबोलीचा वळेसर आणि कानात जुन्या घडणीच्या जड कुड्या. कुड्यांमुळे हेडसेट एकाच कानावर बसायचा, दुसरा कान कायम मोकळा. फोनवर मराठी, हिंदी, गुजराती, जरुरीपुरतं इंग्रजी, सगळं नीटनेटकं. डबा उघडला की मात्र मोरव्याची बोली. मला त्या ‘बाय’ म्हणायच्या.

वारसांशी काय बोलायचं याची छापील वाक्यं आम्हाला दिलेली होती. ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत’ वगैरे. कुंदाताई ती वाक्यं म्हणायच्या, आणि मग त्या कागदावर नसलेला एक प्रश्न विचारायच्या.

“साहेब खिडकीशी बसायचे की कडेला?”

माझ्या पहिल्याच आठवड्यात एका बाईंना त्यांनी हे विचारलं. पलीकडून आवाज आला, “खिडकीशी. मला कधी बसू दिलं नाही.” बाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. कुंदाताईंनी त्यांना पोटभर रडू दिलं. नंतर त्यांच्या नावाने खिडकीची सीट काढून दिली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. शेजारची खुर्ची कुणी का घेत नाही, ते मला खातं बंद करायची वेळ आली तेव्हा कळलं.

कुंदाताईंनी हेडसेट काढून ठेवला. एक हात स्क्रीनच्या कडेवर ठेवला आणि त्या माणसाचे सगळे प्रवास वाचायला लागल्या. हलक्या आवाजात, शेवटून पहिल्याकडे. “कोची. मुंबई. दिल्ली. मुंबई. लखनौ.” घाई नाही, सूर नाही. लहान मुलाचं बोट धरून जिना उतरावा तसं एकेक गाव घेत त्या मागे मागे गेल्या. पहिल्या प्रवासाशी पोचल्यावर थोड्या थांबल्या, मान हलवली आणि खातं बंद केलं.

“हे काय असतं, ताई?” मी विचारलं.

“माणूस गेला त्याच रस्त्याने परत आणायचा. मधेच सोडला तर बसून राहील कुठल्यातरी एअरपोर्टवर.”

गॅस बंद केलास का विचारावं, इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. त्यानंतर त्यांचं वाचन सुरू झालं की मीही फोन बाजूला ठेवायला लागले. का ते सांगता येणार नाही. मध्ये बोललं तर वाटेतल्या कुणाला तरी आपला धक्का लागेल असं वाटायचं.

एकदा मात्र त्या अर्ध्यावरच थांबल्या. वडोदऱ्याच्या एका गृहस्थांचं खातं होतं. मुलाने पाठवलेले कागद बरोबर, सही-शिक्का बरोबर. कुंदाताईंनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पहिल्या दोन-तीन गावांनंतर अडखळल्या.

“येत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“हा माणूस. इथे न्हायेच तो.”

आमचे मॅनेजर गुप्ता सर स्वभावाने बरे होते, पण त्यांना वरच्यांना उत्तरं द्यावी लागायची. “कुंदाजी, पेपर क्लिअर है तो क्लोज कीजिए,” ते म्हणाले. कुंदाताईंनी खातं बंद केलं, न वाचता. दोन-तीन आठवड्यांनी मला फोन आला. वयस्कर, चिडलेला आवाज. माझं खातं उघडत नाही म्हणाला. नंबर टाकला तर वडोदऱ्याचंच खातं. जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, सगळी उत्तरं बरोबर. मुलाचं आणि बापाचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, मुलाने खोटे कागद बनवून पाठवले होते. मी फोन धरून कुंदाताईंकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“मशीनला जिता-मेला कळत न्हाय, बाय,” त्या दुपारी डबा खाताना म्हणाल्या. “त्याला फक्त हालचाल कळते. हालचाल हाय तोवर खातं चालू.”

यानंतर ऑफिसात त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलली. काही मुली त्यांच्या पाया पडायच्या, काही त्यांच्या वाटेने जाणं टाळायच्या. त्यांना दोन्हीचा सारखाच कंटाळा.

मग दळवी काका आले.

ते भाईंदरच्या इंद्रलोक कॉलनीत राहायचे, माझ्या बिल्डिंगच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. मूळचे परळचे, निवृत्तीनंतर इकडे घर घेतलेले. त्यांचा मुलगा समीर औषधांच्या कंपनीत होता आणि महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर असायचा. इंदूरला कामासाठी गेला आणि हॉटेलात सकाळी उठलाच नाही. मागे आई-वडील, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. समीरने फिरतीचे माइल्स साठवले होते ते अंदमानसाठी. सगळ्यांना घेऊन जाणार होता. ते जमलं नव्हतं, पण आता समीरच्या आईने मनात घेतलं होतं. त्याने नेतो म्हटलं होतं तर त्याच्याच माइल्सवर जायचं, दुसऱ्या कशावर नाही.

आमच्या ऑफिसात ग्राहकांना वर सोडत नाहीत. म्हणून कुंदाताई खाली टपरीवर जाऊन काकांशी बोलायच्या, मीही बरोबर असायचे. काका सफारी घालून, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बाकावर बसायचे.

“माइल्स कमी पडतायत, काका,” कुंदाताईंनी सांगितलं. “चौघांचं जायचं-यायचं होत नाही. पण खातं लगेच बंद नको करू या. हॉटेलात राहिलं, कार्डाने खरेदी केली की त्याचेही माइल्स मिळतात, ते कधीकधी उशिरा येतात.”

“थांबतो ना आम्ही. आम्हाला आता कसली घाई?” काका म्हणाले.

आणि माइल्स आले. आधी हॉटेलचे थोडे. मग एका सकाळी कुंदाताईंनी माझ्या खुर्चीला हात लावून मला जवळ बोलावलं आणि स्क्रीन दाखवली. समीर दळवीच्या खात्यात विमानप्रवासाचे माइल्स जमा झाले होते. इंदूर ते कोलकाता. कोलकाता ते पोर्ट ब्लेअर.

मी तारीख पाहिली. मग मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख पाहिली. पुन्हा स्क्रीनवरची. समीरला भाईंदरच्या स्मशानात नेलं, त्यानंतरचा तो प्रवास होता. त्याच्या अंत्ययात्रेला आमच्या बिल्डिंगमधली माणसं गेली होती, माझे बाबाही गेले होते.

“दुसऱ्या कुणाचं तरी असेल,” मी म्हणाले. “नावासारखं नाव. नंबर टाकताना चुकला असेल.”

“असेल,” कुंदाताई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण परतीचं न्हाय.”

खरोखरच नव्हतं. जाण्याचा प्रवास होता, परतीचा कुठेच नव्हता. आणि चार तिकिटांना जेवढे कमी पडत होते तेवढे त्या एका प्रवासाने भरून निघत होते.

नियम असा की अशी नोंद दिसली तर ताबडतोब वर कळवायची. मग खातं गोठतं आणि चौकशी होईपर्यंत कुणालाच काही मिळत नाही. चौकशीत घरच्यांना पहिला प्रश्न हाच विचारतात, की हा प्रवास कुणी केला.

“काकूंना हे कळलं तर काय होईल?” कुंदाताईंनी मला विचारलं. आणि स्वतःच म्हणाल्या, “त्या तिथे जातील आणि परत यायच्या न्हाईत. बेटावर दारोदार शोधत बसतील.”

त्यांनी वर कळवलं नाही. माइल्स काकांच्या खात्यात वळवले, चौघांची जायची-यायची तिकिटं काढली. समीरचं खातं मात्र बंद केलं नाही. तपासणी बाकी आहे असं लिहून उघडंच ठेवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, “आता कुठून वाचू? तो अजून तिकडेच हाय.”

दळवी मंडळी अंदमानला गेली आणि ती तिकडे असतानाच गुप्ता सरांनी कुंदाताईंना केबिनमध्ये बोलावलं. वरच्या ऑफिसातल्या तपासणीत ती नोंद सापडली होती. काचेतून मला दिसत होतं. सर हात हलवून बोलत होते, कुंदाताई उभ्याच होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. उद्या संध्याकाळपर्यंत ते माइल्स परत घ्यायचे आणि न वापरलेली तिकिटं रद्द करायची. म्हणजे परतीची चारही.

गुप्ता सर त्यांच्या मागोमाग आले. “मेरे हाथ में नहीं है, कुंदाजी. आप फॅमिली को फोन कर दो, वो दूसरा टिकट ले लेंगे.”

“वो पूछेंगे, क्यों,” कुंदाताई म्हणाल्या.

सर घड्याळाकडे बघायला लागले.

“दुसऱ्या माइल्सवर तीच तिकिटं ठेवली तर?” कुंदाताईंनी विचारलं.

“किसके?”

“मेरे घर के.”

“ठीक है. कल शाम तक,” सर म्हणाले.

त्यांच्या घरच्या माइल्सबद्दल मी तोपर्यंत काहीच ऐकलं नव्हतं. त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “बाय, मोरव्याला येतेस? घरच्या माणसाचं खातं मला हाताळता येत न्हाय, नियम हाय. ते तुला करावं लागेल. आणि आईने हो म्हटलेलं तू ऐकायला पायजे.”

रिक्षात त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ हरेश मोठ्या मालवाहू जहाजांवर काम करायचा. जहाजावर चढायला विमानाने परदेशी जायचा आणि काम संपलं की विमानाने यायचा. कुंदाताईंनीच त्याचं खातं उघडलं, आई आणि स्वतःचं नाव जोडून फॅमिली खातं केलं. आईला एकदा विमानात बसवायचं दोघांनी ठरवलं होतं. मग एका खेपेला तो सिंगापूरला जाऊन जहाजावर चढला आणि भर समुद्रात एका सकाळी जहाजावर नव्हता. बूट केबिनमध्ये होते. शरीर मिळालं नाही. काही वर्षांनी मृत्यूचा सरकारी दाखला मिळाला, तो आईने कपाटात टाकला आणि क्रियाकर्म करू दिलं नाही.

“आणि खातं?” मी विचारलं.

“चालू हाय.”

घर अरुंद बोळात होतं, दाराशी बोंबील वाळवायच्या टोपल्या. आई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. कुंदाताईंनी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. म्हातारा-म्हातारी, सून, नात, बेटावर अडकलेली. परतीची तिकिटं. हरेशचे माइल्स. आई ऐकत राहिल्या, लसूण सोलत राहिल्या.

“म्हंजे हरेश गेला म्हनून लिवून द्यायचा?”

“हां, आई.”

“दर महिन्याला त्याच्या नावावं चाय घेतो आपन, साखर घेतो. तू बोललीस, तवर तो चालू हाय. न्हाय का?”

मला तेव्हा कळलं. घरातला किराणा कुंदाताई एका कार्डावर घ्यायच्या आणि त्याचे चार-दोन माइल्स हरेशच्या खात्यात पडायचे. हालचाल दिसत राहायची. ज्या बाईने आमच्या डोळ्यांदेखत एवढ्या लोकांची खाती बंद केली, तिने हे एक खातं चहा-साखरेवर उघडं ठेवलं होतं.

“आई, खातं चालू हाय, पन तो तिकडंच बसून हाय,” कुंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला नव्हता, पण हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. “मी सगल्यांना आनते. त्यालाच न्हाय आनलं. तुला बरं वाटावं म्हनून न्हाय आनलं.”

आईंनी दाराकडे पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “त्या म्हातारीचा पोरगा बी न्हाय मिलाला?”

“मिळाला, आजी. पण ती अजून शोधतेय.”

त्यांनी लसणीची सालं पदरातून झटकली. “दे तिला,” त्या म्हणाल्या. “कपाटाची चावी त्या डब्यात हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हरेशचे माइल्स आईंच्या खात्यात वळवले आणि दळवींची परतीची तिकिटं त्या माइल्सवर पुन्हा काढली. सीट त्याच, विमान तेच. दळवींना काही कळलं नाही. मग हरेशचं खातं बंद करायची पायरी आली तेव्हा कुंदाताईंनी माझा हात धरला. “अजून नको. आधी ती माणसं घरी येऊ देत.”

गुप्ता सरांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं होतं. नोंद लपवली होती, ते माफ होण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो वाद न घालता दिला. दळवींच्या परतीचा दिवस कुंदाताईंचा ऑफिसातला शेवटचा दिवस ठरला.

त्या दिवशी विमान पोर्ट ब्लेअरहून सुटायची वेळ झाली तेव्हा कुंदाताईंनी हेडसेट काढला, समीरचं खातं उघडलं आणि हात स्क्रीनच्या कडेवर ठेवला. “पोर्ट ब्लेअर. कोलकाता. इंदूर. मुंबई.” आणि तिथून मागे, पुणे, नागपूर, रायपूर, त्याच्या सगळ्या फिरतीची गावं. एकदाही अडखळल्या नाहीत, शेवटी खातं बंद केलं. माझ्या मागच्या ओळीतली एक मुलगी बोलता बोलता गप्प झाली.

दुपार कलल्यावर काकांचा फोन आला, मुंबईला उतरल्याचा. मी स्पीकर लावला.

“प्रवास चांगला झाला ना, काका? काकू बऱ्या आहेत?” कुंदाताईंनी विचारलं.

“झाला. ही तिकडे पहिले दोन दिवस किनाऱ्यावरच बसून होती. समीर लहानपणी पाण्याला घाबरायचा. मला म्हणाली, आता नाही हो घाबरत.” मागे एअरपोर्टची गडबड ऐकू येत होती. “पण येताना विमानात झोपली. समीर गेल्यापासून पहिल्यांदा अशी झोपली. शेजारची सीट रिकामी होती, तिथे पदर टाकून ठेवला होता तिने. मी सरकून बसायला गेलो तर म्हणाली, राहू द्या.”

कुंदाताई हं म्हणाल्या. काकांनी आशीर्वाद दिले, त्यांनी ते घेतले आणि फोन ठेवला.

“आता हरेश,” त्या म्हणाल्या.

खातं मी उघडलं. शेवटची नोंद मुंबई ते सिंगापूर होती, तीही जायची. कुंदाताईंनी माझ्या स्क्रीनवर हात ठेवला. सुरुवात मात्र त्यांनी स्क्रीनवर नसलेल्या गोष्टीपासून केली.

“पाणी,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वडोदऱ्याची आठवण झाली. त्यांचे डोळे मिटलेले होते. मोकळा कान त्यांनी जरा पुढे केला, दाराबाहेर कुणाची चाहूल घ्यावी तसा.

मग म्हणाल्या, “सिंगापूर. मुंबई. दुबई. मुंबई. रॉटरडॅम.” आणि पुढे सलग, पहिल्या प्रवासापर्यंत. शेवटी मान हलवली. मी बटण दाबलं.

त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. पाण्याची बाटली पिशवीत घातली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि निघाल्या. मी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी गेले. ऊन उतरलं होतं, हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. कुंदाताई खाली आल्या आणि कडेला उभ्या राहिल्या. भाईंदरच्या भरत आलेल्या शेअर रिक्षा एकामागून एक समोर थांबत होत्या, त्यांना त्या हातानेच नको म्हणत होत्या. शेवटी एक रिकामी रिक्षा आली. रिक्षावाल्याशी काही बोलल्या, स्पेशल, म्हणजे पूर्ण रिक्षा एकटीने ठरवली असावी. आत शिरल्या आणि मधे न बसता पार पलीकडच्या कोपऱ्याला सरकल्या. पिशवी मांडीवर घेतली.

रिक्षावाला मागे वळून काहीतरी विचारत होता. त्यांनी त्याला हाताने थांबवलं. कुणीतरी चढून बसेपर्यंत थांबावं तशा त्या अलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी साडीचा पदर आपल्याकडे ओढून घेतला, पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि रिक्षा निघाली.